छप्पर कोणाचे, तारखा कोणाच्या? : खारघर आणि शहराच्या मालकीच्या बंदिस्त क्रीडागृहाचा प्रश्न – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नगरनियोजनाच्या चर्चेत 'बहुउद्देशीय' हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो, की त्याची चिकित्सा करण्याची गरज फारशी कोणाला भासत नाही. बहुउद्देशीय सभागृह, बहुउद्देशीय केंद्र, बहुउद्देशीय क्रीडा संकुल! अंदाजपत्रकातील एकाच ओळीत खेळाडू, कलावंत, विवाहसोहळ्यांचे यजमान आणि राजकीय पक्ष या सर्वांचे समाधान करण्याचे सामर्थ्य या शब्दात आहे. प्रत्यक्षात मात्र एका छपराखाली एका वेळी एकच उद्देश साध्य होतो. उरलेले उद्देश दाराबाहेर आपल्या पाळीची वाट पाहत उभे असतात. ही पाळी कोण ठरवितो, हा अशा वास्तूच्या समीक्षेतील मूळ प्रश्न होय. आसनक्षमता, घुमटाचा आकार, वातानुकूलन हे प्रश्न त्यानंतरचे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार खारघरच्या संदर्भात केला आहे. खारघरमध्ये शहराच्या मालकीचे मोठे बंदिस्त क्रीडागृह नाही. असे असूनही, किंबहुना म्हणूनच, हे उदाहरण अभ्यसनीय ठरते. जे अद्याप बांधले गेले नाही, त्याच्या अटी अजून लिहिता येतात.

शहर आधी, मालक नंतर

शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच सिडकोची, स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. शहरे घडविणे हे या महामंडळाचे ब्रीद. ठाणे व रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली आणि तिची रचना 'नोड' या घटकाच्या आधारे झाली. खारघर हा त्यातील उशिरा भरलेला पण आकाराने मोठा नोड. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या या वसाहतीत बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे ही जुनी गावे सामावली गेली. येथे रुंद रस्ते आले, राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेसारख्या शिक्षणसंस्था आल्या, कर्करोग संशोधनाचे 'ॲक्ट्रेक' आले. सेंट्रल पार्क २०१० मध्ये खुले झाले; पुढे गोल्फचे मैदान आणि फुटबॉलचे प्रशिक्षण केंद्रही आले. एका चौकाचे नाव तर 'उत्सव चौक' असे ठेवण्यात आले. उत्सवासाठी मात्र चौकच उरला, अशी टिप्पणी कोणी केल्यास ती सर्वस्वी अन्यायाची ठरणार नाही.

शहर घडविणारी संस्था आणि शहर चालविणारी संस्था या दोन भिन्न गोष्टी होत. पनवेल नगरपालिका १८५२ ची, राज्यातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. तिचे महानगरपालिकेत रूपांतर होऊन खारघर, कामोठे, कळंबोली हे नोड तिच्या हद्दीत आले ते १ ऑक्टोबर २०१६ रोजी. तोपर्यंत हजारो सदनिकांच्या या वसाहतीला नागरी स्थानिक स्वराज्य संस्था नव्हती. त्यानंतरही भूखंड सिडकोकडे, कर महापालिकेकडे आणि सेवा काही काळ दोहोंच्या मध्ये, अशी स्थिती राहिली. उद्याने, मैदाने आणि नागरी सेवा यांचे हस्तांतरण टप्प्याटप्प्याने होत गेले. महापालिकेने स्थापनेच्या दिवसापासून पूर्वलक्षी प्रभावाने मालमत्ता कर आकारला, तेव्हा सिडकोला सेवाशुल्क भरत आलेल्या रहिवाशांनी दुहेरी आकारणीची तक्रार केली. २०१७ मध्ये निवडून आलेल्या पहिल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. 'शहराच्या मालकीचे' क्रीडागृह असे म्हणताना 'शहर' या शब्दाने नेमके कोणाकडे बोट दाखवायचे, हा प्रश्न खारघरमध्ये केवळ शाब्दिक राहत नाही.

खुल्या मैदानाचा धडा

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या आंतरराष्ट्रीय कॉर्पोरेट पार्क मैदानावर आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार प्रदान करण्याचा शासकीय सोहळा झाला. लाखो श्रीसदस्य भर उन्हात तासन्‌तास बसून होते. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर कडक उन्हाच्या काळात दुपारी १२ ते ५ या वेळेत खुल्या जागेत कार्यक्रम घेऊ नयेत, असा निर्णय राज्य शासनाने घेतला.

या दुर्घटनेवरून 'खारघरला छप्पर असते तर' असा युक्तिवाद करणे सोपे आहे. तो टिकणारा नाही. जगातील सर्वांत मोठ्या बंदिस्त वास्तूंपैकी एक मानल्या जाणाऱ्या फिलिपीन्स अरीनाची आसनक्षमता ५५ हजारांच्या घरात आहे. लाखोंचा समुदाय कोणत्याही छपराखाली बसत नाही. तेथे दोष होता तो वेळेच्या निवडीचा, सावलीच्या व पाण्याच्या व्यवस्थेचा, आणि समुदायाच्या संख्येलाच सोहळ्याचे यश मानणाऱ्या वृत्तीचा. बंदिस्त क्रीडागृहाची मागणी या मृत्यूंच्या आधारे करणे म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटविणे होय. तरीही या घटनेचा एक धडा या विषयाशी थेट निगडित आहे. ते मैदान ज्या दिवशी सोहळ्यासाठी घेतले गेले, त्या दिवसाबाबत खारघरच्या रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. विचारण्याची कोणतीही रीत अस्तित्वात नव्हती. भूखंड मोकळा होता, तो मिळाला. छप्पर घातल्याने ही रीत आपोआप निर्माण होत नाही.

छपराची खरी गरज दुसऱ्या ऋतूतून सिद्ध होते. कोकणात पाऊस चार महिने मैदान काढून घेतो आणि शालेय व आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक नेमके त्याच सुमारास सुरू होते. रायगड जिल्हा कबड्डीचा बालेकिल्ला. आगरी-कोळी गावांतील संघांनी हा खेळ मातीत वाढविला. परंतु खेळच मातीतून मॅटवर आणि मॅटवरून छपराखाली गेला. प्रो-कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल बंदिस्त क्रीडागृहात झाला. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातील बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी बंदिस्त क्रीडागृहात खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी ती जिंकली आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. देशी खेळांचे मोठे सामने असे बंदिस्त जागेत होत असताना त्या खेळांचा सराव चिखलात आणि शाळेच्या व्हरांड्यात व्हावा, ही विसंगती आहे. महाविद्यालयांच्या जिमखान्यांना तिचा परिचय आहे.

बहुउद्देशीयतेचे तंत्र आणि अर्थकारण

एकाच सभागृहात अनेक उद्देश साधण्याला काही भौतिक मर्यादा आहेत. बॅडमिंटनच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी क्रीडांगणावर १२ मीटरची मोकळी उंची लागते, व्हॉलीबॉलसाठी साडेबारा मीटरची. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते, पण त्याला सात मीटर उंची पुरते. बॅडमिंटनच्या फुलाला वातानुकूलनाचा झोत चालत नाही. संगीताच्या कार्यक्रमाला हजारो प्रेक्षक बसविल्यानंतर तोच झोत वाढवावा लागतो. खेळाडूच्या गुडघ्यांसाठी लाकडी जमीन किंचित लवचीक हवी. त्याच जमिनीवर मंचाचे पोलादी सांगाडे आणि ध्वनिक्षेपकांचे मनोरे उभे राहिले की ती दबते, तिच्यावर ओरखडे पडतात. संगीताला आवाज शोषून घेणाऱ्या भिंती लागतात, तर क्रीडागृहाच्या कठीण भिंती तोच आवाज परतवितात. कबड्डीची मॅट गुंडाळून ठेवता येते, म्हणून बहुउद्देशीय सभागृहाशी तिचे सर्वांत सहज जमते. खो-खोला दोन पक्के रोवलेले खांब लागतात आणि तेथे लगेच तंत्राचा प्रश्न उभा राहतो. यातील बहुतेक अडचणींवर उपाय आहेत. जमिनीवर संरक्षक आवरण अंथरता येते, सरकत्या आसनांच्या रांगा भिंतीत ढकलता येतात, ध्वनिशोषक पडदे सोडता येतात. मात्र प्रत्येक उपायाला मनुष्यबळ लागते आणि वेळ लागतो.

हा वेळ हेच बहुउद्देशीय वास्तूच्या अर्थकारणाचे मर्म आहे. एका रात्रीचा मोठा कार्यक्रम दिनदर्शिकेवर एकच दिवस व्यापतो, असे वाटते. वस्तुतः मंच उभारणी, प्रकाश व ध्वनीची चाचणी, प्रत्यक्ष कार्यक्रम आणि उतरवणी मिळून तो तीन-चार दिवस खातो. ते दिवस बहुधा शनिवार-रविवारला लागून येतात, म्हणजे नेमके तेच, जेव्हा विद्यार्थी आणि नोकरदार खेळाडू सभागृहात येऊ शकतात. दुसरीकडे वीज, देखभाल, सुरक्षा, विमा हे खर्च सभागृह रिकामे असतानाही चालूच राहतात. तासाच्या दराने मिळणारे सरावाचे शुल्क त्यांना पुरे पडत नाही. एका दिवसाचे व्यावसायिक भाडे पडते. त्यामुळे ज्या व्यवस्थापनाला केवळ जमाखर्च जुळविण्यास सांगितले जाते, ते कोणत्याही दुष्ट हेतूविना, निव्वळ हिशेबाने, खेळाला आठवड्याच्या मधल्या सकाळींकडे सारत नेते. क्रीडागृहाचे समारंभगृह होते ते असे. त्यासाठी कोणी ठराव करीत नाही.

महाराष्ट्रातील पूर्वोदाहरणे

पुणे महानगरपालिकेचा स्वारगेट येथील गणेश कला क्रीडा रंगमंच हे या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. कला, क्रीडा आणि रंगमंच हे तिन्ही शब्द त्याच्या नावातच एकत्र नांदतात. पुणेकरांच्या स्मरणात मात्र तो मुख्यतः महोत्सव, मेळावे, पुरस्कार समारंभ आणि सभा यांचा मंच आहे. ३० जानेवारी २०२१ ची एल्गार परिषदही तेथेच झाली. शहराला अशा सभास्थानाची गरज असतेच, हे मान्य करावे लागेल. महापालिकेच्या मालकीच्या जागेत मतभिन्नतेलाही भाडे भरून उभे राहता येणे ही नगरजीवनातील मोलाची बाब आहे. मात्र नावातील मधला शब्द कोठे गेला, हे विचारण्याचा अधिकार त्यामुळे संपत नाही.

मुंबई महानगरपालिकेने वेगळा मार्ग अवलंबिला. अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल १९८८ पासून बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठानमार्फत चालविले गेले. मुलुंडचे क्रीडा संकुल आणि कालिदास नाट्यमंदिर हेही याच प्रतिष्ठानकडे. मालकी शहराची, व्यवस्थापन न्यासाचे. या रचनेमुळे दैनंदिन निर्णय लवकर होतात. परंतु निर्णय घेणारे मतदारापासून एक पायरी दूर जातात. अंधेरीच्या याच संकुलात १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम एका संध्याकाळचा. त्याला शासनाने दिलेल्या, तीन कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या करमणूक करमाफीचा वाद मुंबई ग्राहक पंचायतीने न्यायालयात नेला. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने माफीचा निर्णय रद्द करून फेरविचारास सांगितले आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती माफी पुन्हा मंजूर केली. पाव शतक चाललेल्या या प्रकरणात गायक, आयोजक, पक्ष आणि शासन यांचीच चर्चा झाली. त्या दिवसांत संकुलातील नियमित खेळाडू कोठे होते, हा प्रश्न चर्चेत कधी शिरलाच नाही.

वरळीचे क्रीडागृह नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडिया या संस्थेचे, शहराचे नव्हे. दारासिंगच्या कुस्त्यांसाठी गाजलेली ही जागा पुढे प्रदर्शने, परिषदा आणि संगीताचे कार्यक्रम यांसाठी ओळखली जाऊ लागली. २०२० मध्ये तेथेच कोविड उपचार केंद्र उभे राहिले. त्याच वर्षी वाशीतील सिडकोच्या प्रदर्शन केंद्रातही रुग्णशय्या मांडण्यात आल्या. मोठ्या छपराचा हा एक उद्देश कोणत्याही आराखड्यात नमूद नव्हता आणि तोच सर्वाधिक निर्विवाद ठरला.

या सर्वांहून जुने व वेगळे उत्तर कोल्हापुरात आढळते. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग कुस्ती मैदान बांधविले आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभारले. कुस्ती आणि नाटक या दोहोंना एकाच राजाश्रयाखाली, एकाच परिसरात, परंतु स्वतंत्र वास्तूंत स्थान मिळाले. मल्लाची माती आणि नटाची फळी यांच्यात तारखांचा झगडा होण्याचे कारणच राहिले नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत नाट्यगृहाची मोठी हानी झाली, तेव्हा कोल्हापूरकरांची जी अवस्था झाली, तिच्यावरून वास्तूचे आणि समाजाचे नाते कळून येते. जमिनीची टंचाई असलेल्या आजच्या शहराला प्रत्येक कलेसाठी व खेळासाठी निराळी वास्तू परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. खारघरच्या बाबतीत तो निम्माच रास्त आहे, कारण येथे गोल्फसाठी जमीन मिळू शकली.

नाट्यगृहाच्या तारखांपासून शिकण्याजोगे

बंदिस्त क्रीडागृहाच्या व्यवस्थापनाचा विचार करताना परदेशी प्रारूपांचे दाखले दिले जातात. ते उपयुक्त आहेत. सिएटलमध्ये १९६२ च्या जागतिक मेळ्यासाठी बांधलेल्या सभागृहाचे जुने छप्पर तसेच ठेवून त्याखाली नवे अरीना २०२१ मध्ये खुले झाले; मालकी शहराची, खर्च व संचालन खासगी कंपनीचे. मात्र त्याच शहराने जुन्या सभागृहाच्या नूतनीकरणाच्या वादात २००८ मध्ये आपला बास्केटबॉल संघ गमावला होता, हेही सांगितले पाहिजे. मालकी हाती असूनही शहराची कोंडी होऊ शकते.

तथापि महाराष्ट्रातील महापालिकांना या बाबतीत स्वतःचा दीर्घ अनुभव आहे आणि त्याकडे दुर्लक्ष व्हावे, हे नवल आहे. बालगंधर्वांच्या हस्ते १९६२ मध्ये पायाभरणी होऊन २६ जून १९६८ रोजी सुरू झालेले पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर, १९७८ चे ठाण्याचे गडकरी रंगायतन, पनवेलचे वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह या सर्व शहरांच्या मालकीच्या वास्तू होत. 'तारखा' हा शब्द मराठी रंगभूमीवर एका संपूर्ण व्यवस्थेचे नाव आहे. काही महिन्यांच्या तारखा आगाऊ वाटल्या जातात. शनिवार-रविवारच्या प्रयोगांवर नाट्यसंस्थांचा हक्क सांगितला जातो. नाटक, वाद्यवृंद, शालेय संमेलन आणि राजकीय मेळावा यांना निरनिराळे दर लागतात. या व्यवस्थेविरुद्ध तक्रारी भरपूर आहेत. ऐन वेळी शासकीय कार्यक्रमासाठी तारीख काढून घेतली गेली, म्हणून निर्माते वृत्तपत्रांतून संताप व्यक्त करतात. परंतु संताप व्यक्त करता येतो, कारण तारीख कोणाची होती हे सर्वांना ठाऊक असते. कबड्डी संघाला किंवा महाविद्यालयीन बॅडमिंटनपटूला आपली तारीख गेली असे म्हणता येत नाही. ती त्याला कधी दिलेलीच नसते. नाटकाला मिळालेला हा हक्क खेळाला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर क्रीडा धोरणांच्या दस्तऐवजांत सापडत नाही.

नव्या प्रस्तावाची चिकित्सा

नेरुळचे डी. वाय. पाटील क्रीडांगण २००८ पासून नवी मुंबईचे सर्वांत मोठे कार्यक्रमस्थळ आहे. जानेवारी २०२५ मधील कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम आणि २ नोव्हेंबर २०२५ चा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना तेथेच झाला. ते खासगी संस्थेचे आणि खुले आहे. या यशानंतर आणि विमानतळाच्या पार्श्वभूमीवर सिडकोने २०२५ मध्ये नवी मुंबईत सुमारे २० हजार आसनांच्या बंदिस्त मनोरंजन-अरीनाची कल्पना पुढे आणली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला विमानतळ आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावू लागलेली बेलापूर–पेंधर मेट्रो यांमुळे अशा प्रकल्पाला दळणवळणाचा आधार आहे, हे नाकारता येत नाही. खारघरच्या सेंट्रल पार्कला तर मेट्रोचे स्वतंत्र स्थानकच आहे.

मात्र २० हजार हा आकडा कोणत्या गरजेतून आला, हे पाहिले पाहिजे. तो दौऱ्यावर येणाऱ्या कलावंतांच्या गणितातून आलेला आहे. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा अंतिम सामना २० हजार आसनांच्या सभागृहात हरवून जाईल, आणि त्याचे एका दिवसाचे वीजबिलही कोणतीही क्रीडा संघटना भरू शकणार नाही. दोन-तीन हजार आसनांचे, चार बॅडमिंटन क्रीडांगणे सामावणारे, संध्याकाळी मुलींना निर्धास्तपणे सरावाला येता येईल असे क्रीडागृह ही वेगळी गरज आहे. एका मोठ्या अरीनाने ती भागते असे समजणे म्हणजे विमानतळ झाला म्हणून एस.टी. स्थानकाची आवश्यकता संपली असे मानण्यासारखे आहे. मोठ्या प्रकल्पाला विरोध करण्याचे प्रयोजन नाही. त्याच्या नावात 'क्रीडा' हा शब्द घालून लहान प्रकल्पाचा भूखंड त्यात विरघळविला जाऊ नये, एवढाच मुद्दा आहे.

अशा प्रकल्पात जमीन सिडकोची, बांधकाम व संचालन खासगी संस्थेचे आणि कार्यक्रमाच्या रात्रीची वाहतूक, कचरा व पोलीस बंदोबस्त यांचा भार स्थानिक यंत्रणांवर, अशी विभागणी होण्याचा संभव अधिक आहे. महापालिका करारात पक्षकारच नसेल, तर तिला ना तारखा मागता येतील, ना दर. पक्षकार होण्यासाठी तिला काहीतरी द्यावे लागेल: मालमत्ता करातील सवलत, रस्ते किंवा वाहनतळ. त्या बदल्यात वर्षातील किती दिवस, त्यांपैकी किती शनिवार-रविवार आणि कोणत्या दराने शाळा-महाविद्यालयांना व स्थानिक संघांना मिळतील, हे कलम निविदा प्रसिद्ध होण्यापूर्वी लिहावे लागते. करार झाल्यानंतर ते घालायचे म्हटले, तर संचालक कंपनी त्याची भरपाई मागते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर पनवेल महापालिकेत पुन्हा लोकनियुक्त सभागृह आले आहे. खारघरच्या नगरसेवकांपुढे येणाऱ्या विषयपत्रिकेत या कलमाचा विषय आपोआप येणार नाही; तो मांडण्यासाठी जिमखाना प्रमुखांनी आणि प्राचार्यांनी आपापल्या महाविद्यालयाला सरावाचे किती तास लागतात, कोणत्या महिन्यांत लागतात आणि आज ते कोठे भागविले जातात, याची आकडेवारी तयार ठेवणे आवश्यक आहे.